एका सर्व्हरवर अनेक प्रकल्प : प्रस्तावना

जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बांभोरीचं महाविद्यालय, धुळ्याच्या देवपुरातलं देवरे महाविद्यालय, शिरपूरची आर. सी. पटेल संस्था अशा ठिकाणांहून दर वर्षी संगणकाचं शिक्षण घेतलेली मुलंमुली बाहेर पडतात. त्यातली बरीच पुण्याची वाट धरतात. जी इथेच राहतात किंवा काही वर्षांनी परत येतात, ती पाच-सात जणांची टीम करून पतसंस्था, डाळ मिल, जिनिंग, सराफी पेढ्या, केळीचे व्यापारी यांच्यासाठी सॉफ्टवेअर तयार करतात. काम चांगलं असतं, गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर असतं आणि चुकलं तर ते थेट दारात येऊन उभं राहतं. या टीमची दुखरी नस एकच. कोणता प्रोग्राम कुठल्या मशीनवर, कोणत्या क्रमाने, कोणत्या लायब्ररीची कितवी आवृत्ती घेऊन तयार होतो, हे बहुधा एकाच माणसाला ठाऊक असतं. त्याला हिंजवडीतून ऑफर आली की तो जातो आणि बिल्ड करायची सगळी रीत त्याच्या लॅपटॉपसोबत जाते.

ती रीत माणसाकडून काढून टीमच्या हवाली कशी करायची, हा या पुस्तकाचा विषय आहे. पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या कंपनीत एक जण गेला तर दुसरे दहा जण असतात. जळगाव-धुळ्याच्या टीमला ती चैन परवडत नाही. म्हणूनच कंटिन्युअस इंटिग्रेशन, म्हणजे सीआय, ही मोठ्यांची गोष्ट आहे हा समज मला मुळातूनच चुकीचा वाटतो. लहान टीमला तिची गरज जास्त आहे.

सीआयची मूळ कल्पना साधी आहे. प्रत्येकाने आपला बदल दिवसातून निदान एकदा मुख्य शाखेत मर्ज करायचा. तो मर्ज झाला की कोणाच्याही लॅपटॉपवर अवलंबून नसलेल्या सर्व्हरने तो कोड घ्यायचा, कंपाइल करायचा, टेस्ट चालवायच्या आणि पास की फेल ते सर्वांना सांगायचं. १९९० च्या दशकात ग्रेडी बूच यांच्या लेखनात हे नाव आलं, क्रायस्लर कंपनीच्या पगाराच्या प्रकल्पावर काम करताना केंट बेक आणि सहकाऱ्यांनी ती रोजची सवय केली, आणि २००० साली मार्टिन फाउलर यांनी लेख लिहून ती जगभर पोचवली. २००१ मध्ये थॉटवर्क्स कंपनीतून क्रूझ कंट्रोल हा सर्व्हर आला, त्याची डॉटनेट आवृत्तीही निघाली. पुढे सन मायक्रोसिस्टिम्समध्ये कोहसुके कावागुची नावाच्या जपानी अभियंत्याने, आपल्यामुळे बिल्ड फेल होऊन सहकाऱ्यांचा रोष ओढवतो याला कंटाळून, २००४ मध्ये हडसन हा सर्व्हर लिहायला घेतला. सन कंपनी ओरॅकलकडे गेल्यावर नावावरून वाद झाला आणि जानेवारी २०११ मध्ये हडसनच्या बहुसंख्य कार्यकर्त्यांनी प्रकल्पाचं नाव जेन्किन्स ठेवलं. या पुस्तकात आपण मुख्यतः जेन्किन्सच वापरणार आहोत. तो मुक्त आहे, फुकट आहे, आणि आपल्याच खोलीतल्या मशीनवर चालतो.

एका प्रकल्पासाठी सर्व्हर उभा करणं दुपारभराचं काम आहे. खरा प्रश्न दुसरा प्रकल्प येतो तेव्हा सुरू होतो, आणि चौथा येईपर्यंत तो डोक्यावर बसलेला असतो.

समजा, जामनेर किंवा साक्री तालुक्यातल्या एका पतसंस्थेचं काम आपल्याकडे आहे. त्यात चार प्रकल्प आहेत. एक, व्याज काढणारी लायब्ररी. दोन, शाखेत काउंटरवर चालणारा विंडोजवरचा प्रोग्राम. तीन, पिग्मी एजंटच्या मोबाइलवरचं अँड्रॉइड अॅप, ज्यात ठेवीदाराला आपल्या सर्व ठेवी दिसतात. चार, ठेवीदाराला एसएमएस पाठवणारी सेवा. व्याजाची लायब्ररी बाकीच्या तिघांत वापरली आहे.

आता संचालक मंडळाने ठरवलं की लीप वर्षात व्याज काढताना ३६५ ऐवजी ३६६ ने भागायचं. लायब्ररीत एका ओळीचा बदल. एक लाखाच्या ठेवीवर ९ टक्क्यांनी ९० दिवसांचं व्याज आधी २,२१९ रुपये १८ पैसे येत होतं, आता २,२१३ रुपये ११ पैसे येतं. लायब्ररीच्या सगळ्या टेस्ट हिरव्या. काउंटरचा प्रोग्राम त्याच आठवड्यात नव्याने बिल्ड झाला आणि शाखेत बसवला. पिग्मीचं अॅप मात्र दोन महिन्यांपूर्वी बिल्ड झालेलं आहे, त्याच्या पोटात जुनीच लायब्ररी आहे. ठेवीदार काउंटरवर एक आकडा बघतो आणि एजंटच्या मोबाइलवर दुसरा. फरक सहा रुपये सात पैशांचा. पण पतसंस्था बुडाल्याचे चटके सोसलेल्या या भागात ठेवीदाराच्या मनात पाल चुकचुकायला सहा रुपये पुष्कळ झाले. आणि यात कोणी चूक केली असंही नाही; चार प्रकल्पांवर काम करणारा प्रत्येक जण आपापल्या प्रकल्पापुरता बरोबर होता.

चारही प्रकल्प एकाच सर्व्हरच्या ताब्यात असते तर काय झालं असतं ते जवळून पाहू. लायब्ररीचं बिल्ड पास झालं की सर्व्हर तिच्यावर अवलंबून असलेली तिन्ही बिल्ड आपणहून सुरू करतो. लायब्ररी हा वरचा प्रकल्प, बाकीचे खालचे; हे नातं एकदा नोंदवून ठेवायचं असतं. जेन्किन्समध्ये तयार झालेल्या प्रत्येक फाइलचा ठसा, म्हणजे तिचा एमडी-५ चेकसम, जपून ठेवता येतो. त्यामुळे पिग्मी अॅपच्या अमुक बिल्डमध्ये लायब्ररीचं कितवं बिल्ड गेलं होतं, याचं उत्तर कोणाला फोन न करता मिळतं. शाखेतून तक्रार आली की पहिला प्रश्न हाच असतो.

पण बिल्डसोबत आकडेही तपासले जायला हवेत. त्यासाठी माझी एक आग्रहाची सूचना आहे, आणि ती मी पुढच्या पानांतही सोडलेली नाही. नमुना ठेवींची एकच फाइल करावी: रक्कम, दर, सुरुवातीची तारीख, मुदत आणि अपेक्षित व्याज. त्यात २९ फेब्रुवारीला सुरू होणारी ठेव असावी, ३१ मार्चला संपणारी असावी, मुदतीआधी मोडलेली असावी. ही फाइल पतसंस्थेच्या व्यवस्थापकांसमोर बसून, त्यांच्याकडून आकडे तपासून घ्यावी. आणि चारही प्रकल्पांच्या टेस्टमध्ये तीच वापरावी. सर्व्हर कितीही हुशारीने मांडला तरी टेस्टमध्ये दम नसेल तर तो फक्त कंपाइल झाल्याची पावती देत राहतो.

नाती नोंदवताना एक पेच लगेच येतो. एसएमएसची सेवा लायब्ररीवर अवलंबून आहे आणि काउंटरच्या प्रोग्रामवरही. लायब्ररी बदलली की एसएमएसचं बिल्ड एकदा लायब्ररीमुळे सुरू होतं आणि थोड्या वेळाने काउंटरमुळे पुन्हा. पहिल्या वेळी काउंटरचा नवा भाग तयार झालेला नसतो, म्हणून ते बिल्ड फेल होतं आणि एसएमएस सेवा लिहिणाऱ्याला विनाकारण मेल जाते. असं वारंवार झालं की लोक लाल दिवा पाहणंच सोडून देतात, आणि मग सर्व्हर असून नसल्यासारखा. जेन्किन्स रांगेत लावलेलं बिल्ड सुरू करण्याआधी मुळात ५ सेकंद थांबतो, तो अवधी वाढवता येतो. पण खरा उपाय म्हणजे सरळ क्रम ठरवणं: लायब्ररी, मग काउंटर, मग एसएमएस. अवलंबनाचं चित्र आधी कागदावर काढा, बाण मोजा, आणि शक्य तितके बाण कमी करा. मी पाहिलेल्या बहुतेक गोंधळांचं मूळ सर्व्हरच्या सेटिंगमध्ये सापडलं नाही, या न काढलेल्या चित्रात सापडलं.

कोणती बिल्ड एकाच वेळी चालू द्यायची, हा दुसरा प्रश्न. जुन्या क्रूझ कंट्रोल डॉटनेटमध्ये सर्व प्रकल्प एकाच एक्सएमएल फाइलमध्ये एकाखाली एक लिहायचे. प्रत्येक प्रकल्पाची मुळात स्वतंत्र रांग असे. दोन प्रकल्पांना एकाच रांगेचं नाव दिलं की ते एकामागून एक चालत, आणि त्यांना प्राधान्याचा आकडाही देता येई. ही मांडणी आजही शिकवण्याजोगी स्पष्ट आहे. जेन्किन्समध्ये हेच काम एक्झिक्युटर, लेबल आणि लॉक यांनी होतं. एका मशीनवर एका वेळी किती कामं, ते एक्झिक्युटर ठरवतो. विंडोजचं काम विंडोजच्या मशीनवर आणि अँड्रॉइडचं काम जिथे त्याची साधनं बसवली आहेत तिथेच जावं, हे लेबल ठरवतं. आणि काउंटर व एसएमएस दोघेही टेस्टसाठी एकच डेटाबेस वापरत असतील, तर चाळीसगाव-धुळे शाखेसारख्या एकेरी मार्गावर जसं एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडतात, तसा त्या डेटाबेसला लॉक लावायचा. ज्याच्या हाती लॉक, त्याचंच बिल्ड पुढे. दुसऱ्याने रांगेत थांबायचं.

वेळापत्रकातही एक जागा अशी आहे जिथे सगळेच अडखळतात. रात्रीचं मोठं बिल्ड लावायचं म्हटलं की प्रत्येक जण बारा वाजताची वेळ टाकतो. दहा प्रकल्प, दहाही बारा वाजता. मशीन धापा टाकतं, टेस्टची वेळ संपते, आणि सकाळी निम्मे प्रकल्प लाल. जेन्किन्सच्या वेळापत्रकात मिनिटांच्या जागी शून्याऐवजी इंग्रजी एच हे अक्षर लिहिता येतं. सर्व्हर प्रकल्पाच्या नावावरून त्याच्यासाठी एक ठरावीक मिनिट काढतो. एकाला ७, एकाला २३, एकाला ४१, आणि रोज तेच. एका अक्षराने गर्दी पांगते.

आता ज्या भागासाठी मला ही प्रस्तावना लांबवावीशी वाटली, तिकडे वळतो. अनेक प्रकल्प एका सर्व्हरवर आले म्हणजे त्यांच्या किल्ल्याही तिथेच आल्या. अँड्रॉइड अॅपवर सही करायची किल्ली, शाखेच्या डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएस कंपनीचं टोकन. सर्व्हर बसवताना हे सगळं सर्वांसाठी खुलं ठेवणं सोपं असतं, आणि बहुतेक जण तसंच ठेवतात. मग उन्हाळ्यात इंटर्नशिपला आलेला विद्यार्थी आपल्या सरावाच्या प्रकल्पाच्या जेन्किन्सफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या पायऱ्या लिहिलेल्या फाइलमध्ये, दोन ओळी लिहून पतसंस्थेचा पासवर्ड काढू शकतो. जेन्किन्स लॉगमध्ये पासवर्डच्या जागी फुल्या दाखवतो हे खरं, पण तोच मजकूर उलट क्रमाने छापला की त्या फुल्या उपयोगाच्या राहत नाहीत. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोल्डर वेगळा, आणि त्याच्या किल्ल्या त्याच फोल्डरात. सरावाचे प्रकल्प शक्यतो दुसऱ्याच सर्व्हरवर.

हे भय पुस्तकी नाही. २४ जानेवारी २०२४ ला जेन्किन्सच्या कार्यकर्त्यांनी एक गंभीर त्रुटी जाहीर केली, तिचा क्रमांक सीव्हीई-२०२४-२३८९७. जेन्किन्सला बाहेरून आज्ञा देण्याची एक सोय आहे. त्या आज्ञेत अॅट चिन्ह आणि त्यापुढे फाइलचा पत्ता लिहिला, की सर्व्हर त्या जागी खुद्द फाइलमधला मजकूरच भरत असे. ती सोय आज्ञा वाचणाऱ्या एका लायब्ररीत आधीपासून होती आणि जेन्किन्सने ती बंद केलेली नव्हती. तिचा वापर करून बाहेरच्या माणसाला सर्व्हरवरच्या फाइली, आणि त्यांतून किल्ल्यांपर्यंत जाण्याचा रस्ता मिळू शकत होता. त्याच दिवशी दुरुस्त आवृत्त्याही निघाल्या, २.४४२ आणि २.४२६.३. अपडेट करायचा, एवढंच काम उरलं होतं.

३१ जुलै २०२४ ला नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला आपल्या किरकोळ पेमेंटच्या यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं. सी-एज मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा देते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याची शक्यता दिसली होती. देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे यूपीआयसारखे व्यवहार थांबले, आणि दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. बंगळुरूच्या क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीने नंतर केलेल्या विश्लेषणात हल्ल्याची साखळी सी-एजसोबत काम करणाऱ्या एका कंपनीच्या नीट न बसवलेल्या जेन्किन्स सर्व्हरपर्यंत नेली, आणि त्रुटी म्हणून तोच जानेवारीतला क्रमांक दिला. दुरुस्ती निघून सहा महिने झाले होते.

खान्देशात सहकारी बँक म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पीककर्ज तिथून, दुधाचे आणि कापसाचे पैसे तिथे, लग्नाची ठेव तिथे. त्या खात्यातले पैसे ऐन पेरणीच्या दिवसांत अडकतात आणि धागा जाऊन पोचतो कोणीतरी लावून विसरलेल्या बिल्ड सर्व्हरपर्यंत. २०२० मध्ये अमेरिकेतल्या सोलरविंड्स कंपनीचं असंच झालं होतं. हल्लेखोरांनी त्यांच्या बिल्डच्या प्रक्रियेतच कोड घुसवला आणि कंपनीची अधिकृत सही असलेलं दूषित अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोचू शकलं. बिल्ड सर्व्हर हाती लागला की बाकीची कुलपं फोडावी लागत नाहीत. तेव्हा हा सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही, घरून काम करायचं असेल तर व्हीपीएनमधून यायचं, आणि अपडेटचं काम टीममधल्या एका माणसाच्या नावावर लिहून ठेवायचं. 'कोणीतरी करेल' म्हटलं की ते कोणीच करत नाही.

याच कारणासाठी कंट्रोलरवर, म्हणजे खुद्द जेन्किन्स ज्या मशीनवर बसवला आहे त्यावर, बिल्ड चालवू नयेत. जेन्किन्स नवा बसवला की त्या मशीनवर २ एक्झिक्युटर तयार असतात. तो आकडा पहिल्याच दिवशी शून्य करावा आणि कामं एजंटवर, म्हणजे फक्त बिल्ड चालवणाऱ्या दुसऱ्या मशीनवर, पाठवावीत. एजंटसाठी ऑफिसमधली जुनी मशीनसुद्धा चालतात. जळगावच्या मे महिन्यात वीज जाणं ठरलेलंच, म्हणून कंट्रोलर आणि नेटवर्कचा स्विच यूपीएसवर ठेवावा, एजंट गेले तर जाऊ द्यावेत. पाइपलाइनची, म्हणजे बिल्डच्या पायऱ्यांच्या साखळीची, स्थिती डिस्कवर लिहिलेली असते, त्यामुळे कंट्रोलर पुन्हा सुरू झाल्यावर ती पुढे चालू शकते. एजंटच बंद पडला तर ती पायरी पुन्हा करावी लागते. प्रत्येक पायरीला कमाल वेळ ठरवून द्यावी, नाहीतर अर्ध्यावर अडकलेलं एक बिल्ड रात्रभर रांग अडवून बसतं. डिस्क भरणं हा दुसरा शत्रू. अँड्रॉइडची बिल्ड जागा फार खातात. प्रत्येक प्रकल्पाची शेवटची किती बिल्ड ठेवायची, हे सुरुवातीलाच ठरवावं.

राहिला सर्व्हरच्या स्वतःच्या मांडणीचा प्रश्न. स्क्रीनवर क्लिक करत करत जेन्किन्स बसवला, तर त्याची मांडणी पुन्हा त्या एका माणसाच्या डोक्यात जाऊन बसते आणि आपण होतो तिथेच राहतो. म्हणून प्रत्येक प्रकल्पाच्या बिल्डच्या पायऱ्या त्याच्याच रिपॉझिटरीत जेन्किन्सफाइलमध्ये, आणि सर्व्हरची मांडणी यामल फाइलमध्ये, तीही रिपॉझिटरीत. चारही प्रकल्पांत सारख्या असणाऱ्या पायऱ्या सामाईक लायब्ररीत एकदाच लिहाव्या. मात्र ती लायब्ररी फार हुशार करू नये. पाच जणांच्या टीममध्ये जी तिघांना वाचता येत नाही ती सामाईक म्हणता येत नाही. बॅकअप घेताना जेन्किन्सच्या मुख्य फोल्डरातली गुप्त किल्ली बाकीच्या बॅकअपपासून वेगळ्या ठिकाणी ठेवावी, कारण दोन्ही एकत्र चोरीला गेली तर सगळे पासवर्ड उघडे होतात. आणि वर्षातून निदान एकदा कोऱ्या मशीनवर तो बॅकअप उतरवून सर्व्हर उभा राहतो का ते पाहावं. ते काम सर्वांत नव्या मुलाला किंवा मुलीला द्यावं. तिला जे विचारावं लागेल, ते लिहायचं राहून गेलेलं असतं.

स्वतःचा सर्व्हर नको असेल तर गिटहब अॅक्शन्स किंवा गिटलॅबचा सीआय आहे. गिटहबच्या मोफत खात्यात खासगी रिपॉझिटरीसाठी महिन्याला २,००० मिनिटं मिळतात. एक-दोन प्रकल्पांच्या टीमला मी तेच सुचवीन, सर्व्हर सांभाळायची जबाबदारी उगाच अंगावर घेऊ नये. पण प्रकल्प वाढले, एकमेकांवर अवलंबून राहू लागले, गिऱ्हाइकाचा डेटा बाहेर न्यायला मनाई असली किंवा विंडोजचं जुनं मशीन लागत असलं, की स्वतःच्या सर्व्हरचा हिशोब जमू लागतो. इथे शिकलेलं तिथेही कामाला येतं. क्रम, रांग, लॉक, किल्ल्यांच्या सीमा हे प्रश्न सगळीकडे तेच आहेत.

पुस्तक वाचताना सोबत काम करत जावं. त्यासाठी ४ जीबी मेमरी आणि ५० जीबी मोकळी डिस्क असलेलं एक लिनक्सचं मशीन, एजंट म्हणून दुसरं कोणतंही, आणि गिटची प्राथमिक ओळख पुरे. पहिल्या तीन प्रकरणांत एकच प्रकल्प आहे, तो जमत असेल त्यांनी थेट चौथ्यावर यावं. किल्ल्यांचं प्रकरण मात्र कोणीही गाळू नये, आणि त्यातले बदल करून होईपर्यंत गिऱ्हाइकाचा खरा पासवर्ड सर्व्हरवर टाकू नये.